वजरी

“टाचा घासा, टाचा. नुसतं पाणी ओतून काय होतंय?”

दशरथ साळवे चर्चच्या मागच्या नळापाशी उभे होते आणि हे वाक्य आपल्याच तोंडून आलं याचं त्यांना नवल वाटत होतं. सेमिनरीच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची कार्डं लिहिली होती, फाटक्या पुस्तकांना नव्या पाठी चिकटवल्या होत्या. तिथं कुजबुजीच्या वर आवाज चढवायची वेळ कधी आली नाही. निवृत्तीनंतर ते नगर रस्त्यावरच्या या चर्चमध्ये वेदीची व्यवस्था बघू लागले. मेणबत्त्या, फुलं, फादरांचे झगे, घंटा. ही कामंही न बोलता करायचीच.

समोर सहा बांधकाम मजूर होते. पाच जणांचे पाय धुऊन झाले होते आणि ते भिंतीच्या सावलीत, ओले पाय वाळवत, एकमेकांकडे बघून हसत होते. सहावा उत्तरेश्वर. केजकडचा, पस्तिशीचा, शांत माणूस. नळाखालच्या फरशीवर एक पाय ठेवून तो बोटांनी टाच चोळत होता.

“निघत न्हाई ते, सायेब,” तो म्हणाला. “शिमिट हाय. कातड्यात बसलंय.”

“निघतं हो. सगळं निघतं.”

दशरथांनी घड्याळात पाहिलं. पवित्र गुरुवारची मिस्सा, म्हणजे संध्याकाळची उपासना, साडेसहाला होती. पुढच्या अंगणात गाड्या यायला लागल्या होत्या. त्यांनी पिशवीतून घरची, पाय घासायची पितळी वजरी काढली, विजारीचे पाय वर ओढले आणि उकिडवे बसले.

“आणा इकडं.”

उत्तरेश्वरनं पाय पुढं केला. चवड्यापासून टाचेपर्यंत राखाडी थर होता, भेगांतून तर पांढऱ्या रेघाच ओढल्यासारख्या दिसत होत्या. घोट्याजवळ आणि बोटांच्या बेचक्यांत कातडी पातळ, गुलाबी झाली होती. दशरथांनी ती पाहिली. मग साबण लावला आणि घासायला सुरुवात केली. थर हलेना, तसा त्यांनी जोर वाढवला. उत्तरेश्वरनं नळाचा पाइप घट्ट धरला. एकदा त्याच्या तोंडून मिरची लागल्यासारखा आवाज आला, तेवढाच.

“आत तुमचे फादर पुन्हा धुनार?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

“हो.”

“मंग हे कशापायी?”

दशरथांनी वजरीवरचा साबण झटकला.

“आत सगळे बघतात,” ते म्हणाले आणि दुसरा पाय ओढून घेतला.

*

पवित्र गुरुवारी बारा पुरुषांचे पाय धुवायचे, ही पद्धत जुनीच. प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले, म्हणून फादरांनी धुवायचे. बारा जणांची यादी करण्याचं काम गेली आठ वर्षं दशरथांकडे होतं, आणि ते अगदी सोपं काम होतं, कारण यादी बदलतच नसे. समितीचे लोक, एक डॉक्टर, एक निवृत्त फौजदार, आणि पहिल्या खुर्चीवर भीमराव पंडित. हे बाराही जण घरून पाय धुऊन, नखं कापून, पायाला पावडर लावून येत. फादरांनी तांब्याभर पाणी सोडायचं, टॉवेल टेकवायचा. पाणी जसंच्या तसं स्वच्छ राही.

यंदा फादर आनंद आले होते. तिशीतले, भरभर बोलणारे. उपवासकाळ सुरू झाला तशी त्यांनी घरोघर पुठ्ठ्याच्या लहान पेट्या वाटल्या. पेटीवर पृथ्वीचा गोळा आणि त्याखाली पसरलेला एक हात. जेवणातला एखादा पदार्थ वगळायचा, त्याचे पैसे पेटीत टाकायचे. ते जगभरातल्या गरिबांसाठी जाणार. आणि दर रविवारी प्रवचनात एकच विषय. आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे ते आपलं नाहीच, ते दुसऱ्याचं आपल्याजवळ राहिलेलं आहे. ते परत करणं म्हणजे उपकार नव्हे.

“रस्त्याच्या या बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहतायत,” फादर म्हणाले होते, “आणि त्या बांधणारे पत्र्याच्या खोलीत झोपतात. यंदा बारापैकी सहा जण तिथले हवेत. दशरथकाका, तुम्ही आणा.”

भीमराव पंडितांना हे कळलं तेव्हा त्यांनी दशरथांना फाटकातच गाठलं.

“बारा वर्षं माझे पाय धुतले गेले, साळवे. यंदा काय, मळले का ते?”

“फादरांनी सांगितलं हो.”

“आणि ते लोक आपले तरी आहेत का? उद्या पेपरात येईल, बाटवायला नेले म्हणून.”

दशरथांनाही ती भीती होतीच. पण फादरांना नाही म्हणवेना, आणि मजुरांची एकच जागा त्यांना माहीत होती. मुलानं, रोहननं, वाघोलीला एका बांधकामात फ्लॅट घेतला होता. तो आयटीत होता, सून पूर्वाही. सँपल फ्लॅट बघायला गेले तेव्हा दारातच त्यांच्या बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या, आतल्या फरशीला डाग पडू नये म्हणून. परत येताना रोहननं मुकादमाशी ओळख करून दिली होती. त्या ओळखीवर दशरथ गेले, चाचरत चाचरत बोलले. मुकादम हसला. मजूरही हसले. उत्तरेश्वरनं तेवढं विचारलं, “नाव बदलावं लागंल का, सायेब?”

“नाही नाही. फक्त पाय.”

“पायाला काय, येतो की.”

घरी बायकोला, द्वारकाबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. “फ्लॅट रोहनचा,” त्या म्हणाल्या, “आणि पाय धुणार फादर. बरंय. आपल्याला काहीच करायला नको.”

दशरथांनी ते हसण्यावारी नेलं. पण सहा माणसं कशी दिसतील, याचा विचार त्यांना आठवडाभर सोडीना. फादरांचा पांढरा झगा, पांढरी एनॅमलची परात, पुढच्या बाकांवर डॉक्टर आणि फौजदार. कोणी नाक मुरडलं तर? त्यातून हे सहा जण आणले दशरथ साळव्यानं, हे सगळ्यांना माहीत. म्हणून गुरुवारी निघताना त्यांनी मोरीतली वजरी हळूच पिशवीत टाकली होती.

*

वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. सहा घरचे, सहा बाहेरचे. उत्तरेश्वर शेवटच्या खुर्चीवर बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेतल्या फोटोला बसतात तसा. फादर आनंदांनी वरचा झगा उतरवला, कमरेला टॉवेल बांधला. दशरथांनी एका हातात तांब्या घेतला, दुसऱ्या हातात परात, आणि ते फादरांच्या मागोमाग सरकू लागले. गायनवृंद गात होता. एकेक खुर्ची होत गेली. पहिले पाच मजूर झाले. पाणी थोडं गढूळ झालं, बाकी काही नाही. दशरथांना बरं वाटलं. मेहनत वाया गेली नाही, असं चक्क वाटलं.

बाराव्या खुर्चीपाशी फादरांनी उत्तरेश्वरचा पाय हातात घेतला आणि दशरथांनी पाणी सोडलं. परातीत एक लाल धागा उतरला. तो पसरला, आणि सगळं पाणी गुलाबी झालं.

फादर थांबले. दुसरा पाय उचलला, तोही तसाच. घोट्याजवळची, बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती. पांढऱ्या परातीत तो रंग पहिल्या तीन बाकांना तरी दिसला असावा, कारण तिथली माणसं गाता गाता गप्प झाली.

“हे कशानं झालं?” फादरांनी अगदी हळू विचारलं.

उत्तरेश्वरनं मान वर केली. त्याची नजर फादरांच्या खांद्यावरून गेली आणि दशरथांवर थांबली. क्षणभरच.

“शिमिट खातंय, सायेब,” तो म्हणाला. “कामच तसलं हाय.” आणि मग ओशाळून, “पानी घान झालं तुमचं.”

दशरथांच्या हातात तांब्या होता. फादरांचं डोकं त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं. नुसतं वाकून कानात चार शब्द सांगायचे होते. कुजबुजण्याचा तर त्यांना आयुष्यभराचा सराव होता. त्यांनी तांब्या वाकडा करून आणखी थोडं पाणी सोडलं.

फादर खाली वाकले आणि त्यांनी त्या पायांचं चुंबन घेतलं. मग कमरेचा टॉवेल सोडून त्याचे दोन्ही पाय त्यात गुंडाळले. मागच्या बाकांवरून हुंदका ऐकू आला.

मिस्सा संपताना फादर सूचना वाचायला उभे राहिले, पण त्यांनी कागद बाजूला ठेवला. “गरिबी म्हटलं की आपल्याला लांबच्या देशांचे नकाशे दिसतात,” ते म्हणाले. “आज ती आपल्या परातीत उतरली. ज्या फरशीवर आपण उद्या राहणार आहोत, ती या पायांनी घातलेली आहे.” लोकांनी पुठ्ठ्याच्या पेट्या आणून वेदीपाशी ठेवायच्या होत्या. जे त्या घरी विसरले होते त्यांनी पाकिटं रिकामी केली. भीमराव पंडित डोळे पुसत दशरथांपाशी आले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

“चुकलो मी, साळवे. काय माणूस आणलात हो तुम्ही!”

दशरथ काहीतरी पुटपुटले. दारातून त्यांनी पाहिलं, टेम्पोत चढताना उत्तरेश्वरनं दोघांच्या खांद्यांवर हात टाकले होते. पायांना टॉवेल तसाच होता. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं क्रूस भरलेला चर्चचा टॉवेल.

*

“वजरी कुठं गेली होती?” जेवायची पानं घेताना द्वारकाबाईंनी विचारलं. “आणि हिला हे काय लागलंय लाल?”

“गंज असेल.”

“पितळेला गंज? चर्चमध्ये चमत्कार होतात म्हणायचे.”

दशरथांनी मान खाली घालून भात कालवला. द्वारकाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात, नवऱ्याला कधी विचारू नये हे त्यांना कळत होतं. पण त्या रात्री त्यांनी वजरी उकळत्या पाण्यात टाकली, हे दशरथांनी पाहिलं.

पुढचे दोन दिवस दशरथांना आई आठवत राहिली. नगर जिल्ह्यातलं गाव, साठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मिशनच्या अंगणात दुधाची पावडर आणि पिवळा मका वाटत असत. जायच्या आधी आई त्यांना ओढ्यावर न्यायची आणि विटेच्या तुकड्यानं पाय घासायची. एकदा वाटप करणाऱ्या बाईंनी ओळीतून नजर फिरवली आणि यांच्या स्वच्छ पायांकडे बोट दाखवून सांगितलं, हे मागे. आधी खरे गरीब. त्या दिवशी यांची पाळी येईतो मका संपत आला होता. पुढच्या खेपेलाही आईनं विटेचा तुकडा हातात घेतला, तेव्हा लहान दशरथ म्हणाला होता, “नको ना आई, मागं उभं करतात.”

“करू देत,” आई म्हणाली होती. “मागं उभं राहू.”

इतकी वर्षं दशरथ ही आठवण अभिमानानं बाळगून होते. आता ती त्यांना सुखानं आठवता येईना. आईनं विटेचा तुकडा फिरवला तो दशरथच्या मानासाठी. आपण वजरी फिरवली ती कोणाच्या मानासाठी?

शनिवारी सकाळी ते पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडे फादर आनंदांची वाकलेली सावली होती. दशरथ गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, मी बायकोवर चिडलो. मिस्सेत माझं लक्ष नव्हतं. एका माणसाशी मी उर्मटपणे बोललो.

“आणखी काही?”

मागं रांगेत कोणीतरी खाकरलं.

“नाही, फादर.”

फादरांनी तीन प्रार्थना सांगितल्या, क्षमा दिली, आणि मग आवाज बदलून म्हणाले, “दशरथकाका, सणाचं आटोपलं की त्या उत्तरेश्वरला बघून या. औषध न्या. त्याच्यामुळं आपल्या लोकांचे डोळे उघडले.”

*

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दशरथ वाघोलीला गेले. पिशवीत मलम, कापूस आणि द्वारकाबाईंनी केलेल्या केकचे चार तुकडे होते. एप्रिलचं ऊन तापलं होतं. रस्ता सोडल्यावर पाव मैल नुसती माती. मोज्यांच्या आत धूळ गेली तरी त्यांना चालताना बरं वाटत होतं. कदाचित पोचूच नये असंही वाटत होतं.

विटांच्या ढिगाजवळच्या पत्र्याच्या खोलीबाहेर उत्तरेश्वर बसला होता. पाय हळद-तेलानं माखलेले, जुन्या पोत्यावर लांब सोडलेले. दशरथांना बघून तो उठायला लागला.

“बसा, बसा.”

आतून त्याची बायको आली. किरकोळ अंगाची, चेहऱ्यावर सिमेंटची पूड. नुकतीच घमेली टाकून जेवायच्या सुट्टीत आली असावी. “ही कौशल्या,” उत्तरेश्वर म्हणाला. “हे चर्चातले सायेब.”

कौशल्यानं कोपऱ्यातल्या पिंपातून तांब्या भरला. “पाय धुवा, पावनं. च्या टाकते.”

“नको, नको. पाणी कशाला वाया घालवता? मी लगेच निघणार आहे.”

ती तांब्या उंबऱ्याशी ठेवून आत गेली. दशरथ एका विटेवर टेकले. पिशवी पुढं केली, मलमाबद्दल सांगितलं, दिवसातून दोनदा, पाय कोरडा करून.

“कामावर कधीपासून जाणार?” त्यांनी विचारलं.

“बघू. शनिवारी स्लॅब होता. न्हाई जमलं. वल्या मालात पाय ठेवला की जीव जातोय. मुकादमानं दुसरा गडी घेतला. घेनारच की, काम थांबतंय व्हय कुनासाठी.” त्यात तक्रार नव्हती. वर चौथ्या मजल्यावर मिक्सरचा आवाज येत होता. रोहनचा फ्लॅट पाचव्यावर.

दशरथांनी विजारीवरची धूळ झटकली. पुन्हा झटकली.

“ते सिमेंटनं झालं नाही,” ते म्हणाले. “माझ्यामुळं झालं. मी घासले.”

“मला ठावं हाय की.”

“म्हणजे?”

“माझेच पाय हायेत ते, सायेब. मला न्हाई कळनार?” उत्तरेश्वर हसला.

“मग तिथं बोलला का नाहीत? फादरांनी विचारलं होतं.”

उत्तरेश्वरनं बोटानं घोट्यावरची हळद सारखी केली. “तुमी म्हनलावता न्हवं, आत सगळे बघतात म्हनून,” तो म्हणाला. “समद्यांम्होरं तुमची इज्जत गेली असती. माझं काय, मला तिथं कोन वळखतंय?”

आपण माफी मागायला आलो होतो, हे त्यांना आठवत होतं. पण मागायची कशी? हा माणूस ती चार दिवसांपूर्वीच देऊन बसला होता, भर चर्चमध्ये, तेही मागितल्याशिवाय. आणि ती घेऊन आपण तांब्यातलं पाणी सोडत उभे राहिलो होतो.

“मी सांगेन फादरांना,” ते कसेबसे म्हणाले.

“सांगा, न्हाई तर नका सांगू. तुमचं तुमी बगा.”

चहाचा वास आला. कौशल्या दारात आली आणि उंबऱ्याशी तसाच भरलेला तांब्या बघून थबकली.

“पाय न्हाई धुतले?” तिनं विचारलं. “आलेल्या मानसाला कोरड्या पायानं च्या कसा द्यायचा?”

तिनं तांब्या उचलला आणि ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. टँकर दोन दिवसांतून एकदा येत होता, हे येताना मुकादमानंच सांगितलं होतं. पिंपाच्या तळाशी तांब्या खरडल्याचा आवाज मघाशी दशरथांनी ऐकला होता. पण ती उभीच होती.

दशरथांनी बूट काढले. मग मोजे. त्यांचे पाय उन्हात फार पांढरे दिसले. मऊ, बसून काम केलेले पाय, आणि घोट्यापर्यंत तांबड्या धुळीचं वळं. त्यांनी ते पुढं केले. कौशल्या बारीक धारेनं, थेंब वाया न घालवता पाणी सोडू लागली. त्यांनी एक पाय दुसऱ्यावर चोळला. उत्तरेश्वरनं तेवढ्यात मान वळवली आणि तो वर चाललेल्या कामाकडे बघत राहिला.

पाणी विटांच्या ढिगाकडे गेलं आणि पोचायच्या आत मातीत जिरलं.

“पुसा,” कौशल्या म्हणाली आणि तिनं दोरीवरचा टॉवेल ओढून त्यांच्या हातात दिला. पांढरा, कोपऱ्यात लाल दोऱ्याचा क्रूस. मधे एक फिकट तपकिरी डाग.

“डाग न्हाई गेला पुरता. पर सोच्छ हाय, दोनदा धुतलाय. तुमचाच हाय, न्या आता.”

दशरथांनी टॉवेल गुडघ्यांवर ठेवला, त्याची घडी केली. चहा निवेपर्यंत ते तसेच बसून होते, ओल्या पायांनी.